श्रीमंतची शपथ

लातूर नवा जिल्हा झाला, त्यानंतरच्या दुष्काळातली गोष्ट. आमचे पोलीस पाटील अमृतराव अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळले आणि त्यांच्या जागी काम पाहायला मॅट्रिक झालेल्या श्रीमंतचं नाव आलं. श्रीमंत बौद्ध. गावाच्या पोटात दुखायला एवढं पुरे होतं.

अहमदपूरला तहसील कचेरीतल्या साहेबांनी त्याला बोलावलं. बदली माणसालाही शपथ चुकत नाही, त्याशिवाय शिक्का हातात मिळत नाही. कागदावर ‘ईश्वरसाक्ष’ असं होतं. श्रीमंत म्हणाला, “साहेब, आम्ही ईश्वर मानत न्हाई.”

साहेब भले होते. “मग गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा कर. कायद्याला दोन्ही सारखंच.”

श्रीमंतनं प्रतिज्ञा केली, सही ठोकली आणि एसटीनं ताठ मानेनं गावात उतरला.

कायद्याला सारखं असेल, गावाला कुठलं असायला? टँकर विहिरीत रिकामा व्हायचा. आधी गाव भरून घ्यायचं. बौद्धवाड्यातल्या बायका लांब उभ्या राहून उरल्यासुरल्या गढूळ पाण्याची वाट बघायच्या. श्रीमंतनं सांगितलं, आजपासून सगळ्यांची एकच रांग. गावातला बडा शेतकरी लिंबाजी विहिरीच्या काठावरून हललाच नाही.

“तू कसला पाटील? देवाची शपथ न घेतलेला. बेलभंडार उचल, मग ऐकतो तुझं.”

आमच्याकडे बांधाचं भांडण असो की मोडलेली सोयरीक, हातात बेल आणि भंडारा घेऊन बोललेलाच शब्द खरा. श्रीमंतची म्हातारी आई केवळाबाई रिकामी घागर घेऊन उन्हात उभी होती. पाणी तळाला चाललं होतं. श्रीमंतनं एकदा तिच्याकडे पाहिलं, आणि कुणीतरी खंडोबाच्या देवळातून आणलेला बेलभंडार उचलला.

लिंबाजी हसला. “उचललास खरा. पर साहेबापुढं कुठं उचललास? ही शपथ कागदावर हाय का?”

सगळा काठ हसला. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. असल्या हसण्याला पायताणानंच उत्तर द्यावं, असं मला आजही वाटतं. श्रीमंत मात्र पिवळा हात तसाच धरून उभा राहिला. रांग झालीच नाही.

केवळाबाई घागर घेऊन घरी गेली आणि उंबऱ्यात बसून रडायला लागली. श्रीमंत म्हणाला, “आई, उद्या मिळंल पानी.”

“पान्यासाठी न्हाई रडत रे मी,” ती म्हणाली. “छप्पन साली आपण देव सोडला, तवा बी ह्याच हिरीचं पानी तोडलं व्हतं. तुझ्या बापालाबी हेच म्हनले, बेल उचल. तू माझ्या पोटात व्हतास. त्यानं न्हाई उचलला.”