खाडीकाठचा मिडफिल्डर

मी गाव सोडलं त्या सकाळी वडील रोह्याच्या स्टेशनवर आले, पण गाडी सुटेपर्यंत थांबले नाहीत. पोटऱ्यांवरचा चिखल तसाच वाळलेला होता. आमच्या शेतापुढच्या बांधातून खाडीचं पाणी झिरपायला लागलं होतं आणि दुपारी भरती होती. माझी पिशवी खाली ठेवून ते आईला म्हणाले, "तू थांब गो याच्याजवल. मना जायला पायजे."

आई थांबली. पण तिचं निम्मं लक्ष खाडीच्या दिशेला होतं. पॅसेंजर हलली, कोलाड मागे पडलं, तरी माझ्या डोळ्यांपुढे ती तशीच तोंड फिरवून उभी होती.

पेणच्या एका फुटबॉल स्पर्धेत माझा खेळ पाहून गोव्यातल्या क्लबने मला बोलावलं होतं. तुम्ही गाववाले मागे राहिलात, तुम्हाला वाटलं असेल पोरगा सुटला. मलाही तसंच वाटलं. भाताच्या खाचरात पळून पाय तयार झाले होते. गोव्यात पहिल्यांदा हिरवळीवर बूट घालून पळालो आणि घसरून पडलो. कोच कोकणीत ओरडायचे, मी अंदाजाने समजून घ्यायचो. हळूहळू मधल्या फळीत माझी जागा पक्की झाली. मागून आलेला बॉल पायाशी घ्यायचा, मान वर करायची आणि पुढे द्यायचा. गोल दुसऱ्याच्या नावावर लागतो, याचं मला कधी वाईट वाटलं नाही.

दुसऱ्या पावसाळ्यात उधाणाने बांध फोडला. आईने शेजाऱ्याच्या फोनवरून कळवलं. शेत गेलं, मिठाचं झालं, एवढंच सांगून ती मी जेवलो का ते विचारायला लागली. वडील रोह्याच्या एका कंपनीत कंत्राटावर शिफ्टला जाऊ लागले. त्या कामात त्यांचं मन कधी लागलं नाही आणि ते फार वर्षं जगलेही नाहीत.

माझ्यासोबत मधल्या फळीत कोल्हापूरचा सुहास खेळायचा. आम्ही एकाच खोलीत राहायचो. बांध फुटला त्या सीझनला तो सरावात मध्येच थांबायला लागला. गुडघ्यांवर हात टेकून उभा राहायचा, ओठ पांढरे पडायचे. "काय न्हाई रे, दम लागलाय," म्हणायचा. क्लबच्या डॉक्टरांनी ॲसिडिटीच्या गोळ्या दिल्या. एका मॅचमध्ये, भर उन्हात, मी बॉल घेतला आणि नेहमीच्या सवयीने डावीकडे त्याला पास दिला. बॉल सरळ रेषेबाहेर गेला. सुहास गवतावर पालथा पडला होता. त्याला कुणाचा धक्काही लागला नव्हता.

तो वाचला नाही. त्यानंतरही मी बरीच वर्षं खेळलो, पण पास देण्याआधी समोरचा माणूस उभा आहे ना, हे पाहायला लागलो. त्या क्षणभराच्या उशिराने मिडफिल्डर संपतो. मीही संपलो आणि गोव्यातच मुलांचा कोच झालो.

गेल्या वर्षी माझ्या टीममध्ये रायन नावाचा मुलगा होता. इतका सुंदर बॉल वळवणारा पोरगा मी पाहिला नव्हता. फायनलच्या आठवड्यात तो धावता धावता थांबला, गुडघ्यांवर हात टेकले. जवळ जाऊन विचारलं, तर म्हणाला, "कांय ना, सर." मी त्याचे ओठ पाहिले आणि त्याला बाहेर बसवलं.

त्याचे वडील चिडले. सिलेक्टर येणार होते, पोराचं आयुष्य उभं राहणार होतं. कमिटीवालेही म्हणाले, फायनल होऊ दे, मग तपासू. मी सांगितलं, "हृदयाची तपासणी झाल्याशिवाय तो मैदानात उतरणार नाही. मला काढायचं तर काढा." फायनल आम्ही हरलो. तपासणीत दोष निघाला. डॉक्टर म्हणाले, खेळत राहिला असता तर कधीही काहीही झालं असतं. त्याची आई माझा हात धरून रडली. रायन मात्र अजून माझ्याशी बोलत नाही. रस्त्यात दिसलो की वाट बदलतो. पण चालत जातो. मी तो वळेपर्यंत बघत राहतो.

आई गावीच आहे, घरात एकटी. आता पाणी मोठ्या उधाणाला अंगणापर्यंत येतं. गोव्याला चल म्हटलं की ती विषय बदलते. या श्रावणातल्या अमावास्येला तिचा फोन लागेना, म्हणून मी मिळेल त्या गाडीने रोह्याला उतरलो. घरी पोचलो तेव्हा ती एकटीच तांदळाचे डबे माळ्यावर चढवत होती.

"आलास? बरा झाला," ती म्हणाली. "ती खाट एका बाजूने धर. माज्यानं उचलत नाय."

आम्ही खाट विटांवर चढवली. दाराबाहेर पाणी शेजाऱ्याच्या कुंपणाला लागलं होतं आणि अजून चढत होतं. आईने चूल पेटवली, चहाचं आधण ठेवलं. जे माझ्यासारखे बाहेर गेलेत, ते विचारतात, आता तुझं घर कुठलं? गोव्यात माझी बायको आहे, मुलगी आहे, मैदान आहे. तिथे मी सुखात आहे. पण पाणी चढायला लागलं की ज्या दारात जाऊन उभं राहावंसं वाटतं, ते दार अजून इथलंच आहे. ते किती वर्षं राहील, मला माहीत नाही. मी उंबऱ्यावर बसून चहा प्यालो आणि पाण्याकडे पाहत राहिलो.