दहाव्याला मी अडून बसलो

मी कावळा आहे आणि जळका आहे. आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून कुणी नाक मुरडायला नको.

मुलुंडला तिसऱ्या मजल्यावर एक म्हातारा राहायचा. तरुणपणी परळच्या गिरणीत होता. तुमच्या इतिहासात गिरण्या बंद पडल्या. आमच्या इतिहासात जेवणाचे डबे बंद पडले. माझी पणजी म्हणे गेटसमोरच्या झाडावर बसून बरेच दिवस भोंग्याची वाट बघत होती, मग कंटाळून इकडे उडून आली. म्हणजे त्या घराशी आमची ओळख जुनी. पण म्हातारा रोज सकाळी खिडकीत ज्वारी टाकायचा ती कबुतरांना. आडव्यातिडव्या चार काड्या टाकून त्याला घरटं म्हणणारी ही जात, आणि तिचे हे लाड. मी नुसता पाय टेकला की त्याची बायको आतून लाटणं घेऊन धावायची. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

मग म्हातारा गेला. दहाव्याला तलावाकाठच्या कट्ट्यावर घरच्यांनी पिंड मांडले, शेजारी बटाटावडा आणि चहाचा कप. मी केव्हाचाच वरच्या फांदीवर येऊन बसलो होतो. थोरला मुलगा हात जोडून म्हणाला, "या बाबा, या."

माझं डोकंच फिरलं. जन्मभर हुसकावल्यावर एकदाचं बोलावणं आलं, तेही म्हाताऱ्याच्या नावानं. मी बसून राहिलो.

थोरल्यानं धाकट्याचं लग्न लावून द्यायचं कबूल केलं. सून म्हणाली, आईंना अंतर देणार नाही. गावच्या घराची कौलं बदलायचंही ठरलं. शेवटी भटजींनी घड्याळ बघितलं आणि दर्भाचा कावळा वळायला घेतला. खरा आला नाही की तोच पिंडाला लावतात. आता गवताचाही हेवा करायची पाळी आली माझ्यावर. तरी मी हललो नाही.

तेव्हा म्हातारी पुढे आली आणि मान वर करून थेट माझ्याकडे बघायला लागली.

"दुपारी जेवताना तुझ्यासाठी भाकरीचा तुकडा काढून ठेवायचे ते," ती म्हणाली. "मला किळस यायची रे तुझी. मीच तो तुकडा उचलून टाकायचे. त्यांना वाटायचं, तूच येत नाहीस. शेवटच्या दिवशीपण विचारलं मला, आज तरी आला का म्हणून."

मी खाली उतरलो. मागे कुणीतरी म्हणालं की बाबांचा जीव कौलांतच अडकला होता.

वड्याला मी चोच लावली नाही. आम्हा कावळ्यांना रडता येत नाही, म्हणून त्या भाताचं शीतन्‌शीत तेवढं खाल्लं.