खंडेनवमीला उघडं राहिलेलं इंजिन

आमच्या मोटरसायकलचं इंजिन मोठं करायचं, हे मी ठरवून टाकलं होतं. आईला विचारलं नव्हतं. इंजिनातलं तिला काय कळतंय, असं मला वाटत होतं.

गाडी अप्पांची, माझ्या वडिलांची. ते गेल्यावर मी चालवायला लागले. धारवाडात शाळेत शिकवायला जाताना पोरं मागून काहीबाही ओरडायची, पण विज्ञानाच्या बाईंशी फार वाकड्यात शिरण्यात अर्थ नाही हे त्यांना लवकरच कळलं. आईचा गुडघा आखडला तेव्हा मात्र पंचाईत झाली. मागच्या सीटवर तिला बसता येईना. बंद मोटारीत बसली की शेजारचं रायापूर यायच्या आत ओकाऱ्या सुरू, आणि रिक्षात म्हणे हाडं खिळखिळी होतात. शेवटी माझ्या मावसभावानं कुठल्याशा भंगारातून एक साइडकार पैदा केली आणि गाडीला जोडून दिली. त्याचं रायापुरात गॅरेज आहे, आणि बोलण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही. पहिल्या दिवशी आई त्यात बसून भाजी आणायला निघाली, तेव्हा सगळी गल्ली दारात उभी होती.

मग चैत्रात आम्ही सौंदत्तीला निघालो. यल्लम्मा आमची कुलदेवता. लग्न झाल्यापासून आई दरवर्षी अप्पांच्या मागे बसून त्या डोंगरावर जायची, अप्पा गेल्यावर ते राहूनच गेलं होतं. अर्ध्या चढावर इंजिनानं मान टाकली. साइडकारचं ओझं त्याला ओढवेना. मी रागानं कितीदा किक मारली, देव जाणे. आई हळूच उतरली, ओटीचा नारळ रस्त्याकडेच्या दगडावर ठेवला, वरच्या दिशेनं हात जोडले आणि म्हणाली, चल घरी. संध्याकाळी दिवा लावताना मात्र ती एवढंच बोलली, "आता देवीनंच वरून ओळख ठेवावी."

हे वाक्य माझ्या मनातून जाईना. तिला वर न्यायचंच, त्यासाठी इंजिन फोडावं लागलं तरी बेहत्तर.

मावसभावाला असलं काम म्हणजे मेजवानीच. त्यानं दोन वाटा सांगितल्या. एक म्हणजे सिलिंडर आतून कोरून रुंद करायचा आणि त्यात मोठा पिस्टन बसवायचा. ताकद वाढेल, वेगही वाढेल, पण सिलिंडरची भिंत पातळ होईल, इंजिन तापेल, आणि आतला म्हातारा दांडा ते किती दिवस सोसेल हे सांगता येत नाही. दुसरी वाट साधी. इंजिनाला हात न लावता मागचं चेनचं चाक जास्त दात्यांचं घालायचं. गाडी ओढेल झकास, पण धावणार नाही. हुबळीच्या रस्त्यावर ट्रकवाले हॉर्न वाजवून जीव नकोसा करतील. "अक्का, आपण काय बैलगाडी करणार आहोत होय?" असं तो म्हणाला, आणि मलाही ते पटलं. मोठा पिस्टन ठरला.

नवरात्रातल्या अष्टमीला संध्याकाळी त्यानं आमच्या अंगणात इंजिन उघडलं. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी आहे हे आम्हा दोघांच्याही डोक्यातून साफ गेलं होतं. नवमीला सगळी हत्यारं पूजेत बसतात, दसऱ्याची पूजा होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. मावसभावाचे पाने, हातोडे, सगळे गॅरेजात झेंडूची फुलं घालून बसले, आणि आमचं इंजिन पडवीत जुन्या धोतरावर उघडंवाघडं. एरवी चाकांखाली लिंबं ठेवून गाडीची पूजा व्हायची. आता पूजा कशाची करायची? आईनं मात्र ताट उचललं आणि पडवीत आली.

तिनं एकेका भागाला हळदकुंकू लावलं. दांडा, झडपा, सिलिंडर, सगळ्यांना. मग पिस्टन हातात घेतला आणि तिथंच थांबली. माथा काजळीनं काळा, बाजूंना घासून घासून चकाकलेला. तिच्या तळहातात तो आमटीच्या वाटीएवढाही नव्हता. हे काय करतं, म्हणून तिनं विचारलं. मी सांगितलं, की याच्या डोक्यावर पेट्रोलचा भडका उडतो, तो याला खाली ढकलतो, हे पुन्हा वर येतं, पुन्हा भडका, आणि हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत कितीदा तरी.

"एवढ्याशानं?" ती म्हणाली. "तुला दवाखान्यातून घेऊन आले ती यावरच."

मी फळ्यावर हे इंजिन वर्षानुवर्षं काढत आले आहे. बाण दाखवते, नावं लिहिते, पोरांकडून पाठ करून घेते. पण त्या सकाळी आईच्या हातातला तो लहानसा तुकडा बघून माझ्या अंगावर काटा आला. अप्पा, आई, मांडीवर मी, पुढं माझी दप्तरं, लग्नकार्यांची सामानं, शेवटी अप्पांची औषधं, एवढं सगळं यानं आगीखाली डोकं देऊन ओढलं होतं. आणि मी त्याला बदलून टाकणार होते.

दसऱ्याला मावसभाऊ सोनं म्हणून द्यायची बन्नीची पानं घेऊन आला, आईच्या पाया पडला आणि सिलिंडर कोरायला न्यायला लागला. आईनं त्याला बसवलं. मोठं केल्यानं काय होईल ते समजून घेतलं, दुसऱ्या वाटेचंही विचारलं. तो पुन्हा बैलगाडीवर आला.

"अरे, मला वर जायचंय," आई म्हणाली. "लवकर कुठं जायचंय?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, हाच पिस्टन घाल. त्याचा चेहरा पडला, पण हुबळीच्या दुर्गदबैल बाजारातून चेनचं मोठं चाक शोधून आणलं त्यानंच. पिस्टनला नव्या रिंगा घातल्या आणि इंजिन बंद केलं.

शीगी पौर्णिमेला, म्हणजे कोजागिरीला, आम्ही निघालो. वाटेत सायकलवाल्यांनीसुद्धा आम्हाला मागं टाकलं आणि वर हसून हात केले. मी दात खाऊन गाडी हाकत राहिले. चढ लागला. पहिल्या गिअरमध्ये इंजिन एका लयीत धपधपत राहिलं. चैत्रात जिथं नारळ ठेवला होता तो दगड आला आणि मागं गेला. आईनं मांडीवरची ओटी घट्ट धरली होती. माझे डोळे भरून आले, समोरचं दिसेना, पण गाडी चढतच होती.

वर पोचल्यावर मी इंजिन बंद केलं आणि तिला उतरवलं. देवळाकडून चौंडकं ऐकू येत होतं, भंडारा उधळत माणसं पुढं चालली होती. चल ना, म्हणून मी तिचा हात धरला. इतकी वर्षं ती याच क्षणाची वाट बघत होती. पण ती गाडीजवळच्या कट्ट्यावर टेकली. तापलेलं लोखंड निवताना टिकटिक करत होतं.

"थांब जरा," ती म्हणाली. "त्याला दम खाऊ दे. मग जाऊ."

मी तिच्याशेजारी बसले.