टेम्पोतून उतरवताना

परवापर्यंत ही गोष्ट मी कुणालाच सांगितली नव्हती — नवऱ्याला नाही, बरोबरच्या सिस्टरांनाही नाही. आज तुम्हाला सांगते. सांगता येतंय, याचंच बरं वाटतंय.

नाशिकमध्ये लहान मुलांच्या दवाखान्यात मी नर्स आहे. पोर कितीही हातपाय झाडो, माझ्या हाताखाली हलत नाही — असं माझं नाव होतं. आईला बाहेर काढायचं, पोराला चादरीत घट्ट गुंडाळायचं, एक हात तेवढा बाहेर ठेवायचा. डॉक्टर कौतुक करायचे आणि मी फुगायचे. खोटं कशाला बोलू?

तीन वर्षांपूर्वी पिंपळगावहून एक बाई अडीच वर्षांच्या मुलीला घेऊन टेम्पोने आली, सासूही बरोबर होती. मुलगी तापाने फणफणलेली. रक्त घ्यायचं होतं, म्हणून दोघींना बाहेर काढलं. मुलीने हात चादरीत ओढून घेतला — मी मनगट धरून तो बाहेर खेचला. जोरात. राग आला होता मला. अडीच वर्षांच्या पोरीचा!

रक्त मिळालं, पण ती हात उचलेना. कोपराचा सांधा सरकला होता. डॉक्टरांनी हलकेच फिरवून तो तिथल्या तिथे बसवला. थोड्या वेळाने तिने बिस्किटासाठी तोच हात पुढे केला. मग डॉक्टरांनी आईला आणि सासूला आत बोलावून विचारलं, कुणी हात ओढला होता का? आणि मी — मी बोलून गेले, "आईनेच ओढला असेल, टेम्पोतून उतरवताना."

आईने खरंच मुलीला हाताला धरून उतरवलं होतं. म्हणून तर तिला ते पटलं. सासू सगळ्यांदेखत तिला वाट्टेल ते बोलली. ती मान खाली घालून ऐकत राहिली. आणि मी? मी चादरीची घडी घालत होते.

परवा ती दुसरं बाळ घेऊन लसीला आली, सासूही बरोबर. बाळ माझ्यापुढे धरून म्हणाली, "तुम्हीच धरा सिस्टर. माझा हात लय जड हाय. मी लेकरांना हाताला धरतच नाय."

तीन वर्षं ती मुलीचा हात न धरता चालली होती — माझ्या एका वाक्यामुळे.

मी बाळ तिच्याच मांडीवर ठेवलं आणि सासूदेखत सांगून टाकलं. तो हात तुम्ही नाही, मी ओढला होता. मन एकदम हलकं झालं. नंतर डॉक्टरांनाही सांगितलं.

तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. तिने बाळाला छातीशी घेतलं, त्याचा पाय आपल्या हाताने नीट धरला आणि थांबली. मी सुई टोचली. बाळ रडलं, पण हललं नाही.