कॉम्प्युटरची खोळ

आज दुपारी ऑफिसात कोणाच्या तरी कॉम्प्युटरमधून तापलेल्या प्लास्टिकचा वास आला आणि माझं डोकंच सणकलं.

चंद्रपूरचं आमचं घर आठवलं. कोळशाची काळी धूळ तिथं रोज सगळ्यावर बसते, म्हणून आईनं नव्या कॉम्प्युटरच्या डब्याला जाड प्लास्टिकची खोळ शिवली होती. मशीन चालू असतानाही ती काढायची नाही, असा बाबांचा हुकूम. दादा संध्याकाळी कूलरसमोर बसून गेम खेळायचा. मला मिळायची मे महिन्यातली दुपार, तीही भांडी घासून झाल्यावर. मी टायपिंगला बसले की थोड्याच वेळात हाच वास यायचा आणि पडदा काळा व्हायचा.

"हिच्या हातानंच बिघडते," दादा म्हणाला.

"बाबा, डबा तापून राह्यला. खोळ काढून पाहा न एकदा!"

"तुले काय समजते? आजपासून हात नको लावू त्याले," बाबा म्हणाले.

शेवटी मेकॅनिक आला. त्यानं खोळ उचलली, आत हात घातला आणि म्हणाला, "भाऊ, चंद्रपूरच्या उन्हाळ्यात मशीनले स्वेटर घातलं काय?"

बाबा हसले. दादाही हसला. मला चहा ठेवायला सांगितलं.

त्या हसण्याचा राग अजून जात नाही. मी कप उचलायला गेले, तर दादा कॉम्प्युटरसमोरच्या खुर्चीत बसलाही होता. खोळ निघाली होती. माझ्यावरची बंदी काढायचं मात्र कोणाच्या लक्षातही आलं नाही.