उशुआयाच्या दुकानातले चार टाके

मंडळी, मिशिगनच्या थंडीचा आमचा माज आज उतरला!

अंटार्क्टिकाची बोट पकडायला अर्जेंटिनाच्या टोकाच्या या उशुआया बंदरात आलोय. "पंधरा वर्षं मिशिगनच्या ट्रॉय गावात स्नो उपसतोय, आम्हाला काय शिकवतात," म्हणत नवऱ्याने घरच्याच स्नो पँट्स पॅक केल्या. दुपारी गावात फिरताना आमच्याच ग्रुपमधल्या काकू म्हणाल्या, "अगं, पँट्स वॉटरप्रूफ नसतील तर बोटीवरून खाली उतरू देत नाहीत!" आमच्या नव्हत्या.

बोर्डिंग चारला, आणि इथली दुकानं दुपारी चारपर्यंत बंद. मी पुण्याची, तक्रार कुठल्या तोंडाने करणार?

एका दुकानाची काच वाजवली. मालकीणबाई घास गिळतच आल्या. पँट्स भाड्याने दिल्या. माझी उंची बघून ताट बाजूला सारलं आणि खाली बसून पायाशी टाकेही घातले.

फोनवर ट्रान्सलेट करून विचारलं, "तुम्हाला कसं वाटलं अंटार्क्टिका?"

त्या हसल्या. सगळा जन्म बोटी जाताना बघितल्यात, स्वतः कधीच गेल्या नाहीत.

आता केबिनमध्ये ते टाके बघत बसलेय. बर्फावरचा पहिला फोटो त्यांना पाठवणार, माझ्या पायांचा.

तुमच्यासाठी कुणी असं भरलं ताट बाजूला सारलंय?