डॉल्फिनवाली पाणपोई

आमच्या मोहल्ल्यात एखाद्या गोष्टीवर माया जडली की लोक तिला टाइल्स लावतात. देऊळ असो, बुद्धविहार असो, नाहीतर आजोबाचा बसायचा ओटा असो, आधी टाइल्स, मग बाकीचं. हे सांगायची गरज एवढ्यासाठी की बाहेरच्या माणसाला पुढचं खरंच वाटणार नाही.

हिंगण्याच्या कंपनीची बस जिथं थांबते, त्या कोपऱ्यावर काळ्या दगडाची जुनी पाणपोई होती. इंग्रजांच्या काळात कोण्या शेठनं बांधलेली. वर कमान, कमानीवर कोरलेली अक्षरं, आत दोन रांजण. आमच्या समोरच्या घरातली मावशी दर उन्हाळ्यात ते भरायची, त्यात वाळा टाकायची आणि शिफ्टला जाणाऱ्या पोरांना ओगराळ्यानं पाणी द्यायची. तिच्या आधी तिचा सासरा हेच करायचा. नवरा गेलेला, लेकरूबाळ नाही. हिवाळाभर कण्हणारी ही बाई ऊन तापलं की टुणटुणीत व्हायची. सिमेंटचा रस्ता रुंद करायला पाणपोई पाडणार अशी खबर आली, तेव्हा तिनं अन्नच सोडलं. मला बोलावून म्हणाली, "तू शिकलेला आहेस न गा, काहीतरी कर. हे पडलं तं मी काहून जगू?"

मी धावपळ केली. वारसा म्हणून नोंद झाली तर पाणपोईला हात लावता येत नाही, रस्ताच वळवावा लागतो, असं कळलं. खेटे घालून घालून शेवटी वारसा समितीच्या बाई पाहायला येणार असं पक्कं केलं. मोहल्ल्याला बजावलं की मोठी माणसं येणार आहेत, पाणपोईकडे लक्ष ठेवा. एवढं सांगून बहिणीकडे बुटीबोरीला गेलो आणि बाप्पा, तिथंच घात झाला.

परतलो तो पाहणीच्याच सकाळी. पाणपोईच्या जागी बाथरूम उभं होतं. निळ्या टाइल्स, त्यांवर उड्या मारणारे डॉल्फिन. नागपुरातून कोणत्याही दिशेला निघा, समुद्र काही लवकर येत नाही, पण आमच्या कोपऱ्यावर तो आला होता. एकानं घराच्या मोरीसाठी जपून ठेवलेल्या टाइल्स आणून दिल्या होत्या, दुसऱ्यानं कमानीला सोनेरी ऑइल पेंट फासला होता, तिसऱ्यानं स्टीलची रेलिंग बसवली होती. वर फ्लेक्स झळकत होता, ऐतिहासिक पाणपोईत आपले स्वागत. मावशी नवं पातळ नेसून उभी होती. कशी दिसून राहिली, असं तिनं विचारलं. मी छान म्हणालो.

बाई आल्या आणि त्यांनी जुनं बांधकाम कुठं आहे म्हणून विचारलं. सगळ्यांनी अभिमानानं डॉल्फिनकडे बोट दाखवलं. सिमेंट पक्कं धरावं म्हणून आधी दगड छिन्नीनं ठोकून घेतला, कमानीवरची अक्षरंही घासून सपाट केली, हेही कोणीतरी कौतुकानं सांगितलं. बाई मटकन ओट्यावर बसल्या. त्यांना आनंद सोसवेना असं वाटून लोकांनी लिंबूसरबत आणलं.

सरबत पिऊन त्या निघाल्या आणि रस्त्यापलीकडे थबकल्या. तिथं आमची जुनी, बंद पडलेली मुतारी होती. तिच्या बाजूनं आम्ही नाकाला रुमाल लावून जायचो. पण लाल विटा, चुन्याचे सांधे, ओतीव लोखंडाची जाळी, सगळं जसंच्या तसं होतं, कारण तिच्यावर कोणाचीच माया नव्हती. बाईंनी रुमालबिमाल काही लावला नाही. त्या आत गेल्या आणि बराच वेळ फोटो काढत राहिल्या.

नोंद झाली ती मुतारीची. करायला गेलो गणपती अन् झाला मारुती. तिला पाटी लागली, भोवती साखळी आली. रस्ता मुतारीला मान देऊन वळला आणि थेट पाणपोईवरून गेला. डॉल्फिन एका दुपारी ट्रॅक्टरमध्ये भरून नेले. मला सगळ्या मोहल्ल्याचा संताप आला होता, पण ज्यानं मोरीच्या टाइल्स आणून दिल्या त्याच्यावर ओरडू तरी कसा? मावशी ट्रॅक्टर जाईपर्यंत उभी राहिली आणि घरात गेली. मला तिच्याकडे पाहवेना.

पुढच्या उन्हाळ्यात तिनं नवा रांजण आणला आणि मुतारीच्या भिंतीला टेकवून मांडला. मोहल्ल्यात कोणी पाडू शकणार नाही अशी तेवढी एकच जागा उरली होती. तिथलं पाणी मात्र कोणी पिईना. शिफ्टची पोरं हसत पुढं जायची. ती रोज भरायची आणि संध्याकाळी कडुनिंबाला ओतायची. शेवटी मी समजवायला गेलो. म्हटलं, मावशी, सोड आता, मुतारीपाशी कोण पाणी पिणार?

ती रांजणाला ओलं फडकं गुंडाळत होती. मान वर न करता म्हणाली, "बुद्धाची दीक्षा घेतल्यावर माह्या सासऱ्यानं पहिल्यांदा रांजण भरला, तवाही कोणी पेलं नव्हतं. आमच्या हातचं काहून पेतील? तुहा आजाही तसाच तहानलेला निघून जाय."

हे आमच्या घरात मला कोणीच कधी सांगितलं नव्हतं. मग काय झालं, असं मी विचारलं.

"मग मे लागला," ती म्हणाली आणि तिनं ओगराळं भरलं.

अजून एप्रिलच होता. मी ओंजळ पुढं केली.